साक्षीदार खोलीत हवा

भाषणात घालायला एखादा विनोद मिळावा, एवढ्याचसाठी हेस्टर ब्रॅडस्टॉकनं ते जुनं बाड उघडलं होतं. शुक्रवार, दुपारी एक वाजून दहा मिनिटं. संध्याकाळी सहाला बॅरिस्टरांच्या सामाईक कचेरीचा, म्हणजे चेंबरचा, हेडक्लार्क स्टॅन ओकशॉट त्रेचाळीस वर्षांच्या नोकरीतून मोकळा होणार होता. पाचला सगळ्या बॅरिस्टरांनी खालच्या मोठ्या खोलीत शेरीचे पेले घेऊन जमायचं होतं, आणि निरोपाचं भाषण हेस्टरकडे होतं. पेन्शन आणि नोकरीचे कायदे यांत तीस वर्षं घालवलेल्या बाईला विनोद सुचणं कठीणच. म्हणून ती कागदपत्रांच्या कपाटाकडे वळली, आणि गुलाबी फीत सोडताच चेंबरच्या नोकरमाणसांच्या पेन्शनचा मूळ दस्त हाती आला. अठ्ठावीस वर्षांपूर्वी, चेंबरात नवी असताना, तिनं स्वतःच तो लिहिला होता.

शेवटच्या पानावर दोन विश्वस्तांच्या सह्या होत्या. एक चेंबरचे प्रमुख सर अँब्रोझ फेल यांची, दुसरी तिची. खाली साक्षीदार म्हणून टायपिस्ट मिस ग्रिंडलची टुमदार सही. ती पाहिली मात्र, हेस्टरनं काकडीचं सँडविच तसंच खाली ठेवलं. तिला आठवलं. त्या दिवशी मिस ग्रिंडल दाढ काढायला गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सुजल्या गालानं आली, आणि टेबलावर दस्त दिसला तशी निमूटपणे आपली सही करून टाइप करायला बसली.

एका टायपिस्टबाईच्या दाढेपायी एवढं काय अडलं, असं कुणालाही वाटेल. पण या बाईचं सगळं नाव अशाच एका गैरहजेरीवर उभं होतं. वीस वर्षांपूर्वी एका बटणांच्या कारखान्याचा खटला गाजला होता. कामगारांची पेन्शन वाढवणारा दस्त रद्द ठरवायचा होता, आणि कंपनीच्या बाजूनं हेस्टर उभी होती. तिनं साक्षीदाराला एकच प्रश्न विचारला: सही झाली तेव्हा तुम्ही खोलीत होता का? तो भला माणूस म्हणाला, नाही, मी जिन्यात होतो. खटला तिथंच संपला. साक्षीदारानं डोळ्यांदेखत सही पाहिलेली नसेल तर दस्त म्हणजे रद्दी, हे त्या निकालानं पक्कं झालं आणि पाठ्यपुस्तकांत गेलं. निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर जुने कामगार टोप्या हातात धरून उभे होते. त्यांतला एक तिला म्हणाला होता, "छान बोललात, बाई." रागानं म्हणाला असता तर ती विसरली असती. तेव्हापासून तिनं मालकाच्या बाजूचं एकही काम घेतलं नव्हतं.

आणि आता तिच्याच निकालानं तिच्याच स्टॅनची पेन्शन पाण्यात चालली होती. सोमवारी ही सगळी योजना एका बड्या विमा कंपनीच्या ताब्यात जायची होती. कंपनीचे वकील पान न् पान तपासणार, मिस ग्रिंडल अजून हयात, आणि ती बाई इतकी सरळ की विचारलंत तर दाढेसकट सांगेल. नवा दस्त करता येत होता, पण फक्त आज सहापर्यंत. माणूस नोकरीत असतानाच त्याला सभासद करून घेता येतं, नोकरी संपली की दार बंद, असा योजनेचा नियम होता. बाकीच्या नोकरमाणसांचं पुढंही बघता आलं असतं, ती नोकरीत राहणार होती. स्टॅनला मात्र पाच तास उरले होते. तो नियमही हेस्टरनंच लिहिला होता. सव्विसाव्या वर्षी माणसाला दारं बंद करायची फार हौस असते.

"काही शोधताय का, मिस?"

स्टॅन दारात उभा होता. उंच, वाकलेला, कोटाच्या खिशात घडी केलेली यादी. हेस्टरनं दस्त चटकन वर्तमानपत्राखाली सरकवला.

"नाही, स्टॅन. काही नाही."

"बरं," म्हणून तो गेला.

त्याला सांगायचं नाही, हे तिनं त्याच क्षणी ठरवलं. त्रेचाळीस वर्षं ज्यानं या लोकांचं सगळं सांभाळलं, त्याला शेवटच्या दिवशी कोणत्या तोंडानं सांगणार, की स्टॅन, पेन्शनच्या कायद्यात देशात नावाजलेल्या आम्हा एकतीस जणांनी तुझ्या एकट्याच्या पेन्शनचा घोळ केला आहे? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्याच्या नकळत, सहाच्या आत, सगळं नीट करायचं.

इथंच गाडं अडणार होतं. बॅरिस्टर कोर्टात सिंहासारखा गरजत असेल, पण तो कोणत्या कोर्टात गरजायचा, किती वाजता, आणि तिथं पोचताना त्याचा केसांचा टोप डोक्यावर असेल की घरी, हे चेंबरचा हेडक्लार्क ठरवतो. कीर्तनकार पुढं उभा राहून वाहवा घेतो, पण मागच्या टाळकऱ्यानं धृपद सोडलं की बुवांची फजिती. स्टॅन या एकतीस बुवांचा टाळकरी होता. कोण कुठं आहे, कुठली किल्ली कशाची, हे त्याच्याखेरीज कुणाला माहीत नव्हतं. त्यानं समोर ठेवलेल्या कागदावर न वाचता सही करायची, ही तर चेंबरची रीतच पडून गेली होती. म्हणजे स्टॅनला वाचवायचं तर स्टॅनवाचून पान हलणार नव्हतं.

हेस्टर दस्त लिहायला बसली. तिला थोडक्यात लिहिता येत नसे. दोन वाजता तीन पानं झाली, अडीचला अकरा, आणि अजून 'नोकरी' म्हणजे काय याचीच व्याख्या चालली होती. चहाचा कप तिनं सवयीनं टेबलाच्या कोपऱ्यातल्या एका निळ्या पाकिटावर ठेवला. दर एप्रिलला स्टॅन असलं एक पाकीट आणून द्यायचा, आणि ती त्यावर वर्षभर कप ठेवायची. पावणेतीनला तिनं अकराही पानं टोपलीत टाकली आणि एका पानात सगळं बसवलं. आयुष्यात पहिल्यांदाच. वाचून तिचं तिलाच नवल वाटलं, की यात काहीच सुटलेलं नाही.

दोन विश्वस्तांपैकी एक ती स्वतः. आता सर अँब्रोझ हवे होते. ते कुठं असतील हे सांगणारा जगात एकच माणूस होता.

"सर अँब्रोझ?" स्टॅननं घड्याळही पाहिलं नाही. "इनच्या भोजनगृहात. मद्यसमितीचं जेवण आहे. साडेतीनच्या आत चीज येत नाही. आणि चीज आल्याशिवाय ते उठत नाहीत. तातडीचं आहे का, मिस? मी निरोप धाडू?"

"नको, नको. भाषणासाठी त्यांची एखादी आठवण हवी होती."

"माझ्याबद्दलची आठवण? सर अँब्रोझकडे?" स्टॅन मनापासून गोंधळला. "त्यांना माझं आडनाव तरी आठवतं का, विचारा आधी. काही अडलंय का, मिस?"

"काही नाही, स्टॅन."

भोजनगृहात जेवणाच्या टेबलावर कामाचं बोलायचं नाही, ही त्या इनची, बॅरिस्टरांच्या त्या जुन्या संस्थेची, शिस्त. भिंतींवरच्या मेलेल्या न्यायाधीशांच्या तसबिरीसुद्धा ती पाळत असल्यासारख्या गप्प. समितीचे सहा म्हातारे पेल्यांत नाकं खुपसून बसले होते. हेस्टर सर अँब्रोझच्या शेजारी जाऊन बसली, तोंड उघडणार तोच एकानं तिच्यापुढं पेला सरकवला आणि तिचं मत विचारलं. ती म्हणाली, चांगली आहे. सहाही जणांनी दयेनं तिच्याकडे पाहिलं, आणि मग त्या 'चांगली'चा अर्थ समजावण्यात पंचवीस मिनिटं गेली. शेवटी तिनं जेवणाच्या यादीच्या पाठीवर लिहिलं, 'पाच वाजता माझ्या खोलीत या. फार तातडीचं आहे. एच.' सर अँब्रोझनी चष्म्याशिवाय ते वाचल्यासारखं केलं, मान डोलावली आणि कागद खिशात घातला. चीज अजून यायचं होतं.

चार वाजत आले होते, आणि साक्षीदार अजून मिळायचा होता. साक्षीदार म्हणजे कुणीही चालतो असं लोकांना वाटतं. पण चेंबर ही काही कंपनी नव्हे. एकतीस बॅरिस्टर मिळून नोकरमाणसं ठेवतात, म्हणजे एकतीसही जण मालक. त्यांतला कुणी आपल्याच दस्ताला साक्षीदार घेणं हेस्टरच्या जिवाला मानवणारं नव्हतं. नोकरमाणसं स्वतः पेन्शनवाली, त्यांचा त्यात स्वार्थ. हवा होता बाहेरचा, शहाणा, ज्याचं काही देणंघेणं नाही असा माणूस. बागेतला माळी शुक्रवारी तीनलाच घरी जातो. फाटकावरच्या रखवालदाराला फाटक सोडता येत नाही, आणि टेबल फाटकाशी न्यावं तर स्टॅनच्या खिडकीतून सरळ दिसतं. टपालवाला दारापर्यंत आला, आणि हेस्टर इतक्या वेगानं अंगावर धावून आली की तो पाकिटं पायरीवर टाकून चालता झाला.

तेव्हा तिला मिसेस डोरीन क्रॅडक आठवल्या.

मिसेस क्रॅडक चार वाजता भेटायला येणाऱ्या पक्षकार होत्या. एका शाळेच्या स्वयंपाकघरात एकोणीस वर्षं त्यांनी मुलांना जेवू घातलं होतं, आणि तिथून त्यांना काढून टाकलं होतं. हेस्टरनं त्यांचं काम आधी चोख केलं. कितीही घाई असली तरी दुसऱ्याच्या पोटापाण्याच्या गोष्टीत तिनं कधी हात आखडता घेतला नव्हता. मग पावणेपाचला तिनं पेन आणि नवा दस्त पुढं केला.

"मिसेस क्रॅडक, एक मेहेरबानी कराल? आमच्या दोन सह्या होतील, त्या तुम्ही बघायच्या आणि खाली आपली सही करायची. एवढंच."

मिसेस क्रॅडकनी पिशवीतून चष्मा काढला, पुसला, नाकावर चढवला.

"वाचते आधी."

"वाचायची गरज नाही. साक्षीदारानं फक्त..."

"पोरी," मिसेस क्रॅडक म्हणाल्या, "मुख्याध्यापिकाबाईही हेच म्हणाल्या होत्या. वाचायची गरज नाही, डोरीन, फक्त इथं सही कर. केली. म्हणून तर तुझ्या दारात आले. आणि आत्ताच तासभर तू मला काय सांगत होतीस?"

हेस्टरनं पेन खाली ठेवलं. तासभर ती तेच सांगत होती.

मिसेस क्रॅडक एकेका शब्दावर बोट ठेवून वाचू लागल्या. मधेच थांबून त्यांनी विचारलं, विश्वस्त म्हणजे कोण. हेस्टरनं सांगितलं. पुन्हा वाचू लागल्या. मग विचारलं, हा ओकशॉट कोण. हेस्टरनं दार लावून घेतलं आणि हळू आवाजात सगळी कथा सांगितली: दाढ, बटणं, सहाचा ठोका.

"म्हणजे मला दार उघडून चहा दिला तोच?"

"तोच."

"आणि त्याला ठाऊक नाही?"

"नाही. कळता कामा नये."

मिसेस क्रॅडकनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "एकोणीस वर्षांत माझ्या स्वयंपाकघरात काय करपलं ते मला कळलं नाही असं कधी झालं नाही. पण तू म्हणतेस तर असेल."

दारावर टकटक झाली. ताटलीत बिस्किटं घेऊन स्टॅन आला. खाली मंडळी जमली, म्हणाला, भाषणाची वाट बघतायत. मिसेस क्रॅडकनी दस्तावर आपली पर्स ठेवली आणि एक बिस्किट उचललं.

"काही अडचण आहे का, मिस?" स्टॅननं विचारलं. आज तिसऱ्यांदा.

"नाही, स्टॅन. दहा मिनिटांत आलेच."

दहाची पंचवीस झाली. खालून पेल्यांचा आवाज येत होता. कुणीतरी पियानोवर बोटं मारली. हेस्टर खिडकी ते दार, दार ते खिडकी अशा येरझारा घालत होती. पाच पंचवीसला जिन्यात जड पावलं वाजली, आणि सर अँब्रोझ फेल चीज, पोर्ट वाइन आणि प्रसन्नता घेऊन आत आले.

"हेस्टर, तुझी ती यादी मला आत्ता सापडली. रुमाल काढताना. काय एवढं?"

तिनं दोन वाक्यांत सांगितलं. तिलाही आता थोडक्यात बोलता येऊ लागलं होतं. सर अँब्रोझनी जुना दस्त पाहिला, नवा पाहिला, पेन हातात घेतलं. आणि त्यांनी पेन खाली ठेवलं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. बटणांच्या खटल्यात कामगारांच्या बाजूनं जे बॅरिस्टर उभे होते आणि हरले होते, ते हेच. एकाच चेंबरातली दोन माणसं एकमेकांविरुद्ध उभी राहतात, दिवसभर कोर्टात भांडतात आणि चारला एकाच किटलीतला चहा पितात, यात तिथं कुणाला काही वावगं वाटत नाही. सर अँब्रोझनी चहा प्यायला होता. पण तो पराभव काही त्यांच्या घशाखाली उतरला नव्हता.

"हा नवा दस्त कशाला?" ते म्हणाले. "जुना ठणठणीत आहे."

"मिस ग्रिंडल खोलीत नव्हती, अँब्रोझ."

"नसेना. दुसऱ्या दिवशी तिनं आमच्या सह्या ओळखल्या, आपली केली, झालं. साक्षीदारानं शेजारी खुर्ची टाकून बसलंच पाहिजे, हे मी तेव्हाही मान्य केलं नाही. तो न्यायाधीश चुकला."

"न्यायाधीश चुकला असेल. पण कायदा आज तोच आहे. सोमवारी ते लोक..."

"सोमवारी मी त्यांना उत्तर देईन. वीस वर्षं वाट पाहतोय." त्यांच्या डोळ्यांत चमक आली. "उलट बरंच झालं. वरच्या कोर्टापर्यंत नेऊ."

"स्टॅनची पेन्शन घेऊन?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे, हेस्टर. या नव्या कागदावर मी सही केली तर जुना फुकट होता हे मी लिहून दिल्यासारखं होईल. म्हणजे बटणंवाल्यांसाठी मी लढलो तेही फुकट. ते मी देणार नाही."

मिसेस क्रॅडकनी दस्त वाचणं थांबवलं. "शेवटच्या दोन ओळी राहिल्यात," त्या कुणालाच उद्देशून नसल्यासारख्या म्हणाल्या.

साडेपाच. पाच पस्तीस. हेस्टरनं मिनतवारी केली, दाखले दिले, एकदा टेबलावर हातही आपटला. सर अँब्रोझ जसजशी बाजू ऐकत गेले तसतसे आनंदी होत गेले. तीस वर्षांत त्यांना इतकं कुणी समजावलं नव्हतं. पाच चाळीसला हेस्टर खुर्चीत बसली. खिडकीबाहेर कुणी चर्चच्या घंटा वाजवून पाहत होतं. कोर्टाच्या पायऱ्यांवरचा तो टोपीवाला म्हातारा तिला आठवला. मग जे शब्द मरताना कुणी उलथ्यानं काढले असते तरी तिच्या तोंडून निघाले नसते, ते तिनं उच्चारले.

"अँब्रोझ, तुम्ही बरोबर होता. मी चुकले होते. मी तो खटला जिंकायला नको होता."

सर अँब्रोझच्या चेहऱ्यावरून वीस वर्षांचं ओझं सरकताना दिसलं. त्यांनी तिचा हात हातात घेतला.

"हेस्टर. तुला किती जड गेलं असेल, मला कल्पना आहे."

"मग करा सही."

"सही?" सर अँब्रोझना खरोखरच नवल वाटलं. "अगं, मीच बरोबर होतो म्हटल्यावर जुना दस्त पक्काच झाला की. आता सही कशाला हवी?"

हेस्टरनं डोकं दोन्ही हातांत धरलं. पाच सेहेचाळीस झाले होते. मिसेस क्रॅडकनी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला आणि त्या म्हणाल्या, की आपल्या शाळेत तीनशे पोरं होती, पण दुपारच्या जेवणाला इतका वेळ कधीच लागला नाही.

दार उघडलं. स्टॅन होता. एका हातात किल्ल्यांचा जुडगा, दुसऱ्या हातात चर्चच्या गाण्यांची वही. शुक्रवारी सात वाजता त्याच्या चर्चमध्ये गाण्याची तालीम असे. चाळीस वर्षं तो तिथं खालच्या पट्टीत गात होता.

"माफ करा, मिस. सहाच्या आत किल्ल्या सोपवायला हव्यात. खणही रिकामा केला. त्यात हा एक कागद होता, तो चेंबरचा आहे. माझ्याबरोबर घरी जायला नको."

त्यानं गाण्याच्या वहीतून एक दस्त काढला. गुलाबी फीत, कडा पिवळ्या पडलेल्या. हेस्टरनं उघडला. तोच मजकूर, अक्षर न् अक्षर तोच. खाली सर अँब्रोझची सही, खाली तिची, आणि साक्षीदार म्हणून कुणा बिकरस्टाफची. तारीख बटणांच्या निकालानंतर आठव्या दिवसाची.

"हे काय आहे, स्टॅन?"

"पेन्शनचा दस्त, मिस. दुसरा." स्टॅन जरा संकोचला. "खटल्यात तुम्ही दोघं तीन दिवस भांडत होतात ना, तेव्हा मी मागं कागदांचे गठ्ठे घेऊन बसलो होतो. ऐकत होतो. सर म्हणत होते साक्षीदार खोलीत नसला तरी चालतो. तुम्ही म्हणत होतात खोलीतच हवा. तेव्हा मला मिस ग्रिंडलची दाढ आठवली. मीच तिला दवाखान्यात नेलं होतं."

"मग?"

"मग तिच्याकडून तो पुन्हा टाइप करून घेतला. आमच्या चर्चचे ऑर्गनवाले मि. बिकरस्टाफ गुरुवारी मला न्यायला यायचे. त्यांना म्हटलं, दोन मिनिटं आत या, टोपी काढा आणि नीट बघत राहा. तुम्ही दोघं चहाला खाली आला होतात. सही केलीत."

"मी?" सर अँब्रोझ म्हणाले. "न वाचता?"

"सर, मी इथं आल्यापासून मी ठेवलेला एकही कागद तुम्ही वाचलेला नाही. चष्मासुद्धा माझ्याच टेबलावर असतो."

सर अँब्रोझनी खिसे चाचपले. मग ते थोडे दुखावून म्हणाले, "म्हणजे तू हेस्टरचंच खरं मानलंस."

"छे, सर. दोघांचंही राखलं. तुमचं खरं असेल तर पहिला कागद पक्का. मिसचं खरं असेल तर दुसरा. मला काय, माझ्या घरी पेन्शन आल्याशी कारण."

हेस्टरला हसावं की रडावं कळेना. "स्टॅन, मी दुपारपासून जिवाच्या आकांतानं धावतेय. मला सांगायचं नाहीस?"

"तीनदा विचारलं, मिस. तीनदा नाही म्हणालात." त्यानं किल्ल्या टेबलावर ठेवल्या. "बॅरिस्टरनं नाही म्हटल्यावर पुढं विचारायचं नाही, असं मला पहिल्याच दिवशी शिकवलंय."

मिसेस क्रॅडक आतापर्यंत शांतपणे बिस्किट खात होत्या. "एवढी शिकलेली माणसं," त्या म्हणाल्या, "आणि घर चालवतोय चहा देणारा. आमच्या शाळेतही असंच होतं." मग स्टॅनकडे वळून, "जमवलंत हो तुम्ही."

"देवाच्या कृपेनं, बाई. आणि मि. बिकरस्टाफच्या."

सर अँब्रोझ शेरीच्या वासानं खाली गेले. जिन्यात ते स्वतःशी पुटपुटत होते, की तरीही न्यायाधीश चुकलाच होता. हेस्टर उठली, भाषणाचा कागद शोधू लागली. त्यात अजूनही विनोद नव्हता. स्टॅन मात्र हलला नाही. त्यानं टेबलाच्या कोपऱ्यातला तिचा कप उचलला, खालचं निळं पाकीट काढलं, त्यावरची चहाची वर्तुळं हातानं पुसली, पुसली गेली नाहीत, आणि तिच्यापुढं ठेवलं.

"हे एक राहिलंय, मिस."

"काय ते?"

"तुमचं. तुमच्या स्वतःच्या पेन्शनचा अर्ज. बॅरिस्टरला कुणी मालक नाही, त्याचं त्यानंच बघायचं असतं. अकरा वर्षं दर एप्रिलला देतोय. तुम्ही म्हणता, उद्या. उद्यापासून मी नाही."

हेस्टर पाकिटाकडे पाहत राहिली. पेन्शनवर तिनं दोन जाडजूड पुस्तकं लिहिली होती. हजारो लोकांच्या म्हातारपणाची तजवीज तिनं न्यायाधीशांपुढं उभं राहून केली होती. तिच्या म्हातारपणावर मात्र अकरा वर्षं चहाचा कप ठेवलेला होता.

"मी इतर सगळं भरून ठेवलंय," स्टॅन म्हणाला. "सही फक्त. सहाला सहा मिनिटं आहेत, मिस."

तिनं मुकाट्यानं पेन उचललं आणि सवयीनं सरळ शेवटचं पान काढलं. मिसेस क्रॅडकचा जाड, उबदार हात तिच्या मनगटावर पडला.

"वाच आधी, पोरी."

तर ती वाचायला बसली. पहिल्या पानापासून, एकेका ओळीवर बोट ठेवून. खाली मंडळींचा धीर सुटला होता, कुणीतरी 'स्टॅन, स्टॅन' अशा हाका मारत होतं, पियानोवाल्यानं एक भजन धरलं होतं आणि ते दुसऱ्या कडव्यापर्यंत पोचलं होतं. तिसऱ्या पानावर चर्चच्या घड्याळानं सहाचे ठोके दिले. हेस्टरनं वर पाहिलं.

"स्टॅन, सहा वाजले. तुझी नोकरी संपली. खाली जा, लोक वाट बघतायत. मी करते सही, मागाहून दाखवते तुला."

स्टॅननं दुसरी खुर्ची ओढली, तिच्या अगदी शेजारी टाकली आणि गाण्याची वही मांडीवर घेऊन बसला.

"तसं चालत नाही, मिस," तो म्हणाला. "साक्षीदार खोलीत हवा. तुमचाच निकाल आहे."